व्याह्यांच्या अंगणातला ट्रक

१४ ऑक्टोबर

हलकट माणूस! दुसरा शब्द नाही. सापडला तरी मी तो वापरणार नाही.

आज पेरुंगुडीला, लेकीच्या सासरी गेले होते. लॉरी, दोर, दोन हमाल — सगळं घेऊन. चंद्रमौळी गेटातच उभा. वेष्टी, उघडं अंग, खांद्यावर पंचा. माझा व्याही. फेब्रुवारीत माझ्या यामिनीच्या घटस्फोटाची शेवटची तारीख आहे. ती झाली की हा माझा कोणीही नसेल. त्या दिवशी मी सत्यनारायण घालणार आहे.

म्हटलं, "ट्रक न्यायला आलेय. आर.सी. यामिनीच्या नावावर आहे. हे बघा."

कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"चालवून न्या, विहीणबाई," म्हणाला. "ट्रक आहे कीं नाही? ट्रक चालतो. चालवून न्या. माझ्या गेटांत लॉरी येणार नाही."

इंजिन चासीवर नुसतं टेकवलेलं, गिअरबॉक्स गोणपाटात, पुढचा अ‍ॅक्सल विटांवर — आणि म्हणे चालवून न्या!

"आणि बाडी माझी. ती मी वेल्ड केलों. ती ठेवून जा. बाकी अस्की न्या."

'अस्की' म्हणजे सगळं. 'मी वेल्ड केलों' म्हणजे मी वेल्ड केली. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहून यांच्या मराठीचं लोणचं झालंय, पण ताठा मात्र अजून राजवाड्याचा!

हमाल हसायला लागले. लॉरी परत पाठवली. परत येताना मेट्रोत एका बाईनं मला जागा दिली. माझा चेहरा बघूनच घाबरली असणार.

हा ट्रक काय आहे ते एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे डोकं शांत होईल. लग्न झाल्यावर पोरांनी, म्हणजे यामिनी नि तिच्या नवऱ्याने, फ्रिज घ्यायचा सोडून लष्कराच्या लिलावातून एका जुन्या ट्रकची चासी आणली. चारही चाकांना ताकद जाते अशी. नुसता सांगाडा! बाकी सगळं जमवत गेले. इंजिन एका मिनीबसचं. गिअरबॉक्स जीपचा. पुढचा अ‍ॅक्सल तिसऱ्याच गाडीचा. बॉनेट आणि जाळी पुदुपेटच्या भंगार बाजारातून, साठ-पासष्ट सालच्या जीपची. कडेने लागतील त्या पट्ट्या वाकवून बॉडी केली चंद्रमौळीने — तो पेरंबूरला रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात फोरमन होता. आणि गिअरबॉक्स उघडून, धुऊन, नवे बेअरिंग घालून बांधला मी. आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात माझी अख्खी नोकरी गिअरबॉक्स बांधण्यात गेली. रणगाड्यांचे. जीपचा म्हणजे खेळणंच.

तो गिअरबॉक्स मी त्या माणसाच्या अंगणात गंजू देणार नाही.

चालवून न्या म्हणतो ना? चालवूनच नेते.

१५ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. चार वेळा मनातल्या मनात त्याला झापलं. चौथ्या वेळी चांगलं जमलं होतं.

१९ ऑक्टोबर

सुरुवात केली. आलंदूरपर्यंत मेट्रो, पुढे बस, आणि पुढे तो कचऱ्याच्या डोंगराचा वास. आजूबाजूला काचेच्या आयटी कंपन्या आणि मध्ये ह्याचं जुनं घर, नारळाची झाडं, अंगण आणि पत्र्याची शेड. यामिनीचं ऑफिस तिथून दोन सिग्नलवर. बिचारीला रोज त्या रस्त्यावरून जावं लागतं.

चंद्रमौळीने व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि बसला. बघत. पेपर हातात, पण पान उलटत नव्हता. मी इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स चढवायला लागले. दोन्हींची भोकं जुळत नाहीत, मध्ये एक जाड प्लेट लागते. ती मी गेल्या वर्षीच अंबत्तूरच्या एका लेथवाल्याकडून करून आणली होती. प्लेट बसली. अशी बसली की कागद जाणार नाही.

खुर्चीतून आवाज — "ती प्लेट वाकडी आहे."

म्हटलं, "तुमची नजर वाकडी आहे."

बॉडी त्याने शेडच्या तुळईला साखळीने वर टांगून ठेवलीय आणि साखळीला कुलूप! मी काय बॉडी पर्समध्ये घालून नेणार आहे?

बारा वाजले तसा उठला. "गेट बंद करतों. मी झोपतों." म्हणजे मला रोज सकाळीच काय ते करायचं. एसी लावून दुपारभर घोरत असतो म्हणे. श्रीवत्स — माझा जावई, अजून कागदावर आहे म्हणून जावई — घरूनच काम करतो. वरच्या खोलीत होता. खिडकीचा पडदा हलला. खाली आला नाही. घाबरट.

२४ ऑक्टोबर

यामिनी आज पुन्हा म्हणाली, "आई, सोड ना तो ट्रक. भंगार आहे."

भंगार! स्वतः दोन वर्षं त्याच्याखाली आडवी पडत होती तेव्हा नव्हतं भंगार.

म्हटलं, "तुझ्या नावाची वस्तू आहे. त्यांच्या दारात राहू देणार नाही."

 मग म्हणाली, "उद्या डब्यात दोन पोळ्या जास्त घाल." हल्ली जास्त मागते. घालते. खाऊ दे. दीड वर्ष झालं माझ्याकडे येऊन, पहिले कितीतरी महिने डबा तसाच परत यायचा.

ते दिवस डोळ्यांसमोरून जात नाहीत. पोटातलं बाळ गेलं, तिसऱ्या महिन्यात. त्याच आठवड्यात ती ह्या चासीखाली पडून पाने फिरवत होती, आणि हा माणूस त्याच खुर्चीत बसून बघत होता. मी विचारलं त्याला. हॉस्पिटलातच विचारलं. का विचारू नये? "तुमच्या डोळ्यांसमोर पोर गाडीखाली झोपते आणि तुम्ही बघत बसता?" तर म्हणे, "फॅक्टरीवालीची मुलगी. ती कोणाचं ऐकतेय?" फॅक्टरीवाली! स्वतः काय दिवाण होता? मग मीही बोलले. बरंच बोलले. श्रीवत्स भिंतीला टेकून उभा. तोंडातून शब्द नाही, ना बापाला, ना मला.

डिस्चार्ज मिळाल्यावर मी तिला थेट अण्णा नगरला आणलं. ती काही बोलली नाही. म्हणजे तिलाही तेच हवं होतं.

१ नोव्हेंबर

दिवाळीचा लाडवाचा डबा पाठवला चंद्रमौळीने. स्वतः येऊन नाही — कुरिअरने! परत पाठवला. कुरिअरनेच.

९ नोव्हेंबर

आता मात्र हद्द झाली!

गेल्या वेळी पुढचा अ‍ॅक्सल बसवून आले होते. दोन्ही अ‍ॅक्सलचं गुणोत्तर तपासलं, जुळतं. ते जुळत नसेल तर चारही चाकं जोडल्याबरोबर पुढची नि मागची एकमेकांना ओढत बसतात आणि काहीतरी मोडतं. मागच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट मी घट्ट आवळून आले होते. स्वतः. टॉर्क रेंचने.

आज बघते तर शाफ्ट खाली! गोणपाटावर व्यवस्थित आडवा ठेवलेला. आणि बोल्ट? सगळे आपापल्या भोकांत परत हाताने फिरवून ठेवलेले. म्हणजे मला दाखवायला! बघ, काढला, आणि एक बोल्टही हरवला नाही.

खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. "लाज नाही वाटत?"

"कशाची?"

"शाफ्ट कोणी काढला?"

"मला काय माहीत? तुमची इंजिन, तुमची शाफ्ट. नीट बसवला नसेल. पडला असेल."

"पडून गोणपाटावर झोपला? बोल्ट स्वतःच घालून?"

तो उभा राहिला. डोळे लाल. "माझ्या घरांत येऊन मला चोर म्हणता? मी तुम्हाला आंत घेतों हेच जास्ती!"

शेजारचा वॉचमन भिंतीवरून बघत होता. बघू दे.

शाफ्ट परत बसवला. पार बारापर्यंत.  घामाने ब्लाऊज पाठीला चिकटला होता, पण त्याच्याकडे पाणी मागितलं नाही.

११ नोव्हेंबर

पुढच्या नि मागच्या, दोन्ही शाफ्टना साखळी घातली. कुलूप घातलं. त्याच्याकडे बघत घातलं.

१८ नोव्हेंबर

कुलूप शाबूत, साखळी शाबूत — आणि क्लचची तेलाची नळी गायब! दोन तास शोधली. सापडली चाकाच्या मागे. गुंडाळून, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून, धूळ जाऊ नये म्हणून. किती काळजी! मला वेड लागावं म्हणून चाललेलं आहे हे सगळं.

गंमत म्हणजे आज तोच माझ्यावर ओरडला. त्याच्या बॉडीच्या डाव्या दाराची बिजागरी कोणीतरी सोडवलीय. "तुम्हीच! दुसरं कोण येतंय इथे?"

"तुमच्या साखळीची चावी माझ्याकडे आहे का?"

"फॅक्टरीवाल्यांना चावी कशाला लागते!"

मग मी त्याच्या वेल्डिंगबद्दल बोलले. म्हटलं, त्याचे टाके म्हणजे पोपडे. कोंबडीने चोच मारली तरी सुटतील. हे खरं नाही. टाके सुरेख आहेत, एकसारखे, माशाच्या खवल्यांसारखे. पण ते मी त्याला कशाला सांगू?

लागलं त्याला. खुर्ची उचलून आत घेऊन गेला. आज मी जिंकले.

३० नोव्हेंबर

वादळ. बस बंद, मेट्रोला ही गर्दी. यामिनी घरीच, खिडकीशी. सारखा फोन बघतेय. म्हटलं ऑफिसचं आहे का? "हं" म्हणाली.

६ डिसेंबर

सुरू झालं! इंजिन सुरू झालं!!

आधी नुसतं खोकलं. मग पांढरा धूर. पंपातली हवा काढली, पुन्हा चावी फिरवली — आणि धरलं त्याने! मिनीबसचं म्हातारं इंजिन, पण काय ठोका! सगळी शेड थरथरत होती. वर टांगलेली बॉडीसुद्धा साखळीवर किणकिणायला लागली. मी ड्रायव्हरच्या जागी फळीवर बसले होते, सीट नाही अजून. शाफ्टची साखळी आधीच काढून टाकली होती. गिअर टाकला. पहिला, दुसरा, रिव्हर्स. लोण्यासारखे.

वळून बघितलं तर चंद्रमौळी खुर्चीतून उठून उभा. तोंड उघडं. आणि वर खिडकीत श्रीवत्स, पडदा बाजूला. दोघांचेही चेहरे असे की त्यांच्या घरात काहीतरी वाईट घडलंय.

पुढच्या आठवड्यात ब्रेक, की मग गेटातून बाहेर! बॉडीशिवाय. नुसता सांगाडा चालवत नेईन अण्णा नगरला. पोलिसांनी अडवलं तर अडवू दे.

रात्री यामिनीला सांगितलं. मला वाटलं टाळ्या वाजवेल. "खरंच चालला?" म्हणाली आणि पानावरून उठली. भात तसाच.

१० डिसेंबर

इंजेक्टरच्या चारही नळ्या काढलेल्या. चारही! फडक्यात गुंडाळून सीटच्या फळीवर ठेवलेल्या.

मी त्या तशाच हातात घेऊन व्हरांड्यात गेले आणि त्याच्या पायाशी आपटल्या. जे बोलले ते इथे लिहीत नाही. तोही थांबला नाही. शेवटी म्हणाला — मला शब्द न्‌ शब्द आठवतोय — "तुम्ही माझी सून घेऊन गेलात. आता माझ्या लेंकाचा ट्रक घेऊन जाता. ह्या घरांत काय ठेवणार आहात?"

"सून तुम्ही घालवलीत. खुर्चीत बसून."

असं म्हटलं मी. म्हटलं ते म्हटलं.

तो आत गेला. दार आपटलं नाही, हळू लावलं. त्याचाच जास्त राग आला.

१९ डिसेंबर

 क्रमाने लिहिते.

चंद्रमौळी भावाच्या श्राद्धाला तंजावरला गेलाय, हे यामिनीच बोलून गेली. तिला कसं माहीत, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मी ठरवलं, तो नाही तेवढ्यात नळ्या बसवून ट्रक बाहेर काढायचा. वॉचमनला सांगून भिंतीच्या बाजूच्या लहान दाराने आत जायचं. नेहमीची वेळ टाळली. दुपारी गेले, एक-दीडला.

शेडमधून हसण्याचा आवाज. बाईच्या हसण्याचा.

चासीखालून दोन पाय बाहेर आलेले. ऑफिसची पँट. पायांत त्या निळ्या मोज्यांची जोडी — मी घेतलेली! शेजारी मांडी घालून श्रीवत्स. एका हातात पाना. मांडीवर डबा. माझा डबा. माझ्या पोळ्या, माझी मेथीची भाजी! एक घास त्याने चासीखाली धरला होता आणि खालून एक तोंड तो खात होतं.

त्याने मला बघितलं. "अत्ते—" म्हणाला — तमिळमध्ये सासूला हेच — आणि उठायला गेला. डबा सांडला.

यामिनी सरपटत बाहेर आली. गालावर ग्रीस. मुलगी घाबरली असेल, रडेल, असं वाटलं. छे! बसून राहिली, गुडघ्यांना मिठी घालून. "आई, तू आज येणार नव्हतीस."

तिच्याशेजारी गोणपाट. त्यावर पुन्हा प्रॉपेलर शाफ्ट. बोल्ट आपापल्या भोकांत.

"तुम्ही? तुम्ही काढत होता? माझं केलेलं?"

 मी काय केलं, तर पर्समधून फोन काढला आणि चंद्रमौळीला लावला. आजवर कधी त्याचा नंबर मी स्वतः लावला नव्हता.

"तुमचा मुलगा आणि माझी मुलगी इथे आहेत."

"इथे म्हणजे कुठे?"

"ट्रकखाली!"

 पलीकडे मंत्र ऐकू येत होते. मग म्हणाला, "सोडूं नका त्यांना. मी उद्यां येतों."

त्याचं नि माझं एका गोष्टीवर एकमत झालं. देवाशपथ, पहिल्यांदाच.

२० डिसेंबर

झालं ते झालं. लिहिते.

चौघं शेडमध्ये. चंद्रमौळी थेट स्टेशनवरून आलेला, केस विस्कटलेले. मी आणि तो एका बाजूला. ती दोघं ट्रकला टेकून. असं कधी झालं नव्हतं.

चंद्रमौळीने सुरुवात केली. "बापाला चोर ठरवलास. ह्या बाईकडून शिव्या खायला लावलास. कां?"

श्रीवत्स म्हणाला, "ट्रक चालू झाला असता तर अत्ते घेऊन गेल्या असत्या. मग यामिनी इथे कशाला आली असती?"

"म्हणजे केव्हापासून चाललंय हे?" मी.

यामिनी म्हणाली, "कोर्टात अर्ज दिल्यावर थोड्याच दिवसांनी. लंचमध्ये मी माझे पाने न्यायला आले होते. तो खाली काम करत होता. एकटाच. मी पण बसले. मग रोज."

"मग सांगायचं नाही? घटस्फोट नको होता तर सही कशाला केलीस?"

तेव्हा ती बोलली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, वकील तू आणलास. पेन ह्या अप्पांनी दिलं. आम्हाला तेव्हा श्वास घ्यायची ताकद नव्हती. सही कर म्हणालात, केली. हॉस्पिटलात तुम्ही दोघं बाहेर भांडत होता ना — तू म्हणालीस बघत बसता, अप्पा म्हणाले फॅक्टरीवालीची मुलगी — पडद्याच्या आत मी होते. सगळं ऐकत होते. माझं बाळ गेलं होतं आणि बाहेर दोघं ठरवत होता की चूक कोणाची. नर्सने शेवटी दार लावलं. तुमच्यातलं एक तरी आत आलं का?"

"मी तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी नाही. तुला अप्पांना हरवायचं होतं. अप्पांना तुला. आमच्या लग्नाच्या मांडवापासून तेच चाललंय. पोदुम, आई. पुरे."

श्रीवत्स म्हणाला, "मी तेव्हा गप्प बसलो. ते मी हिला सांगितलंय. आमचं आम्ही बोललोय." मग बापाकडे बघत म्हणाला, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्यावरही भांडला असता. आधी कोणाला सांगितलं, ह्याच्यावर."

 चंद्रमौळी खाली बघून खांद्यावरचा पंचा नीट करत राहिला.

शेवटी यामिनी म्हणाली, "ट्रक आम्हाला द्या. गिअरबॉक्स, बॉडी, सगळं. आम्ही पुरा करतो."

"नाही!"

मी आणि चंद्रमौळी. एकदम. एका सुरात.

मी म्हटलं, असं पोरखेळासारखं चालत नाही, तारीख लागलीय, काय ते कोर्टात येऊन सांगा. तो म्हणाला, तेच म्हणतों मी. यामिनी आमच्याकडे बघून हसली. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

२२ डिसेंबर

काय म्हणे, मला जिंकायचं होतं! तिचे डबे कोणी भरले? रात्र-रात्र तिच्या उशाशी कोण बसलं? जिंकायला बसले होते मी?

२८ डिसेंबर

बोलत नाही माझ्याशी. डबा भरते. रिकामा येतो. चार पोळ्या घालते.

पेरुंगुडीला गेले नाही. जाणार नाही.

१ जानेवारी

नवीन वर्ष म्हणे.

१५ जानेवारी

काल पोंगल. सकाळी फोन वाजला. चंद्रमौळी! मला वाटलं कोणी मेलं.

"ती दोघं बाडी चढवताहेत," म्हणाला. "साखळीची चावी मागितली."

"मग?"

"दिलों."

"तर मला कशाला सांगता?"

"तुमची इंजिन आहे."

मागे ठोकण्याचा आवाज येत होता. कोणीतरी हसत होतं, कोणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणत होतं. मी फोन ठेवणार होते. पण म्हटलं, "ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढलीय का विचारा. मागच्या चाकापासून सुरुवात करायची असते."

तो जाऊन विचारून आला. "काढली म्हणते."

"आणि दाराच्या बिजागऱ्या?"

"त्या मी केलों. आज सकाळी." मग म्हणाला, "पोपडे नाहीत माझे टाके."

"इतकं टोचलं असेल तर टोचू दे," म्हटलं आणि फोन आपटला. सणासुदीला डोकं उठवलं त्याने.

२ फेब्रुवारी

वकिलाचा फोन. दहा तारीख, दोन्ही पक्षांनी हजर राहायचं. यामिनीला सांगितलं. "बरं" म्हणाली. बरं म्हणजे काय? विचारलं नाही. विचारलं की म्हणेल, बघ, पुन्हा सुरू झालीस.

९ फेब्रुवारी

यामिनी ऑफिसला जायला निघाली. रविवारी! पिशवी मोठी होती. दारात थांबली, माझ्या पाया पडली, गेली. सणवार नसताना पाया पडलेली मला आवडत नाही. रात्री आली नाही. फोन बंद.

चंद्रमौळीला फोन करायला हात गेला होता. केला नाही. त्यानेच पळवली असली तर त्याला सांगायला कशाला जाऊ?

१० फेब्रुवारी

कोर्टात मी वेळेआधी पोचले. समोरच्या बाकावर चंद्रमौळी, इस्त्रीचा शर्ट, एकटाच. मुलगी कुठंय विचारायला उठले, तर तोच म्हणाला, "सकाळीं शेड रिकामी. गेट सताड उघडं. ट्रक घेऊन गेले दोघं." यामिनीचा मेसेज त्याला आला होता. तोच मलाही, पण माझा मी बघितला नव्हता. 'आम्ही येत नाही. आम्हाला शोधू नका, दोघंही.'

दोघंही. म्हणजे मीसुद्धा.

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. यामिनी, श्रीवत्स. तीनदा. कोणी उठलं नाही, म्हणून आम्ही दोघं उठलो आणि शेजारी शेजारी जाऊन उभे राहिलो. कारकुनाने फायलीतून डोकं वर न काढता तमिळमध्ये विचारलं, "वेगळं व्हायचंय ते तुम्हीच दोघं ना?"

आमच्यापैकी कोणालाच लगेच "नाही" म्हणता आलं नाही.